नाव गळून पडलेले वाक्य

अकरावीच्या जीवशास्त्रात, प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात, एक वाक्य आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकात ते आहे म्हणजे ‘नीट’च्या तयारीतही आहे, आणि ‘नीट’च्या तयारीत आहे म्हणजे गोंदिया-नागपूरपासून कोट्यापर्यंत क्लासच्या नोट्समध्ये अधोरेखित झालेले आहे. त्याचा आशय असा : हरितलवकातल्या ग्रॅनाच्या पटलांवर प्रकाशप्रणाली एक आणि प्रकाशप्रणाली दोन अशा दोन्ही असतात, ग्रॅनांना एकमेकांशी जोडणाऱ्या स्ट्रोमा पटलांवर मात्र दुसरी प्रणाली नसते. चार पर्यायांच्या प्रश्नाला हे वाक्य फार सोयीचे. मुले ते पाठ करतात, योग्य गोल काळा करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. हे कुणाला, कधी, कशावरून कळले, ते पुस्तक सांगत नाही आणि मुलेही विचारत नाहीत.

त्या वाक्यामागे १९७० सालचा एक शोधनिबंध आहे. ‘बायोकिमिका एत बायोफिजिका ॲक्टा’ या नियतकालिकात तो छापून आला. लेखक तीन : साने, गुडचाइल्ड आणि पार्क. यातले पहिले नाव प्रफुल्लचंद्र विष्णू साने यांचे. त्यांचा जन्म १९३७ चा, केशोरीचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले हे गाव तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे; गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. आज केशोरीचे नाव निघते ते मिरचीमुळे, इटियाडोह धरणाच्या पाण्यावरच्या धानामुळे, नाहीतर पोलिसांच्या बंदोबस्ताच्या बातमीमुळे. हिरवी पाने सूर्याच्या उजेडाचे काय करतात, या प्रश्नाच्या जागतिक इतिहासात हे गाव एका माणसाच्या रूपाने येते, हे गोंदिया जिल्ह्यातही फारसे कुणाच्या बोलण्यात नसते.

शास्त्रज्ञाचा प्रभाव कशाने मोजायचा? आपल्याकडे पहिला हात पुरस्कारांच्या यादीकडे जातो. ती यादी इथे मोठी आहे : १९८१ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक, देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींचे सदस्यत्व, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे तेरा वर्षांचे संचालकपद. सत्काराच्या पत्रिकेत हे सगळे शोभते. दुसरा हात उद्धरणांच्या आकड्यांकडे जातो, कारण हल्ली नोकरी आणि बढती त्यांवर ठरते. पण समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी फार पूर्वी दाखवून दिले होते, की एखादा शोध ज्ञानात पुरता मुरला की लोक त्याच्या कर्त्याचा उल्लेख करायचे थांबतात. ज्याचा उल्लेख होतो तो शोध अजून चर्चेत आहे. ज्याचा होत नाही तो एकतर विसरला गेला किंवा सर्वांचा झाला. साने यांच्या पहिल्या मोठ्या कामाचे दुसरे झाले. माझ्या मते शास्त्रज्ञाच्या वाट्याला येणारा सर्वांत मोठा मान हाच, आणि सर्वांत निर्दयही हाच. या प्रस्तावनेत त्या वाक्याला त्याचा पुरावा परत जोडून द्यावा आणि मग त्यांच्या पुढच्या, कमी गाजलेल्या पण मला जास्त देखण्या वाटणाऱ्या कामाकडे वाचकाला न्यावे, एवढाच हेतू आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पान उजेड घेते, पाणी फोडते, प्राणवायू बाहेर सोडते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर करते, इतके सातवीतल्या मुलालाही ठाऊक असते. विसाव्या शतकाच्या मध्यावर या व्यवहाराचा उत्तरार्ध, म्हणजे साखरेकडे जाणारी वाट, मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीत किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडली. १९६१ चे नोबेल त्यासाठी मिळाले. पूर्वार्ध मात्र अडून बसला होता. उजेड पडल्यावर पहिल्या क्षणात नेमके काय घडते?

या गुंत्याची गाठ पहिल्यांदा सैल केली रॉबर्ट इमर्सन यांनी. त्यांच्या लक्षात आले, की तांबड्या रंगाच्या टोकाला, ६८० नॅनोमीटरच्या पलीकडे, हरितद्रव्य उजेड शोषते पण काम फारच कमी करते. मग १९५७ मध्ये त्यांनी दाखवले, की या निकामी वाटणाऱ्या गडद तांबड्या उजेडाच्या जोडीला थोडा कमी तरंगलांबीचा उजेड दिला तर दोघांचे मिळून होणारे काम वेगवेगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा जास्त भरते. याचा सरळ अर्थ असा, की पानात दोन वेगळी यंत्रे आहेत आणि ती एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. १९६० मध्ये रॉबिन हिल आणि फे बेंडल यांनी ‘नेचर’मध्ये या दोन यंत्रांची साखळी कागदावर मांडली. दुसऱ्या क्रमांकाची प्रणाली पाण्यातून इलेक्ट्रॉन खेचते, तो वाटेतल्या वाहकांच्या हातून पहिल्या क्रमांकाच्या प्रणालीकडे जातो, तिथे त्याला उजेडाचा दुसरा धक्का मिळतो. क्रमांक उलटे आहेत याचा विद्यार्थ्यांना हमखास त्रास होतो. हे आकडे शोधाच्या क्रमाचे आहेत, कामाच्या क्रमाचे नाहीत. बदलायला हवे होते, पण विज्ञानातही एकदा पडलेली पाटी कुणी काढत नाही.

कागदावर साखळी तयार झाली. ती पानात कुठे बसवायची, हा पुढचा प्रश्न. हरितलवकाच्या आत पातळ पटलांची जाळी असते. काही ठिकाणी ही पटले एकावर एक चिकटून गठ्ठे बनतात, ते ग्रॅना. गठ्ठ्यांच्या मधून सुटी पटले धावतात, ती स्ट्रोमा पटले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हे सगळे दिसत होते, पण कोणत्या पटलावर कोणते यंत्र आहे हे चित्रात दिसत नव्हते. दोन्ही प्रणाली सगळीकडे शेजारी-शेजारी, जोडीजोडीने मांडलेल्या असाव्यात, हे तेव्हाचे साधे आणि पटण्याजोगे अनुमान होते. साखळी आहे तर कड्या जवळजवळच असणार.

ऑस्ट्रेलियात बोर्डमन आणि जॅन अँडरसन यांनी १९६० च्या दशकात डिजिटोनिन नावाचा साबणासारखा पदार्थ वापरून पटले फोडली आणि त्यातून एक हलका भाग वेगळा केला. या हलक्या भागात पहिली प्रणाली भरपूर होती, दुसरी जवळजवळ नाही. शोध मोठा होता. पण शंकेखोरांना बोलायला जागा होती : साबणाने पटल विरघळते, त्यातली प्रथिने सुटतात, पुन्हा कुठे चिकटतात. हाती आलेला भाग पानात खरोखर तसा होता की साबणाने तो घडवला?

साने यांनी डॉक्टरेट केली होती कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात, सॉल झालिक यांच्या हाताखाली. तिथले काम ‘गेटवे’ या जातीच्या बार्लीवर आणि तिच्या हरितद्रव्य कमी असलेल्या उत्परिवर्तित वाणावर होते. कोवळ्या पानात हरितलवक कसे घडत जाते, हा विषय. तिथून ते बर्कलीला रॉडरिक पार्क यांच्या प्रयोगशाळेत आले. पार्क हे तेव्हा या क्षेत्रातले वजनदार नाव होते. पटलांच्या पृष्ठभागावर दिसणारे रांगेतले कण म्हणजेच प्रकाशसंश्लेषणाचे सर्वांत लहान पूर्ण यंत्र, असा त्यांचा सिद्धांत. त्या कणांना ‘क्वांटासोम’ असे नाव दिलेले होते. एका कणात सगळे आलेच, तर दोन प्रणाली वेगवेगळ्या पटलांवर असण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे साने ज्या प्रयोगशाळेत उतरले, तिथल्या प्रमुखाच्या गाजलेल्या कल्पनेला छेद जाईल असा निष्कर्ष त्यांच्या प्रयोगातून निघण्याची शक्यता होती. तो निघाला, आणि प्रमुखाने त्यावर आपले नाव घातले. ही गोष्ट पार्क यांच्याबद्दलही काही सांगते.

प्रयोगाची कल्पना साधी होती. साबण वापरायचाच नाही. पालकाच्या पानांतली हरितलवके ‘फ्रेंच प्रेस’ नावाच्या उपकरणातून, प्रचंड दाबाखाली, बारीक फटीतून बाहेर काढायची. (नावावरून वाटते तसा याचा फ्रान्सशी संबंध नाही, हे उपकरण स्टेसी फ्रेंच या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या नावाचे.) दाब एकदम सुटला की पटले फाटतात, पण फाटतात ती जिथे नाजूक आहेत तिथेच. ग्रॅनाचे गठ्ठे घट्ट असतात, ते बरेचसे शाबूत राहतात. मधली सुटी पटले तुटून त्यांचे बारीक फुगे होतात. मग अपकेंद्री यंत्रात हे मिश्रण फिरवायचे. गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट बलाला जड भाग तळाशी बसतो, तो ग्रॅनाचा. १,६०,००० पट बलापर्यंत जाऊन जो हलका भाग खाली येतो, तो स्ट्रोमा पटलांचा. हे नुसते मानून घेतलेले नव्हते; डेव्हिड गुडचाइल्ड हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जाणकार, त्यांनी कोणता भाग कुठून तुटला हे चित्रांतून दाखवले.

मग दोन्ही भागांची परीक्षा झाली. हलका भाग पहिल्या प्रणालीचे काम व्यवस्थित करत होता. दुसरीचे करत नव्हता. जड भागात दोन्ही कामे होती. हलक्या भागातल्या हरितद्रव्यात ‘अ’ प्रकाराचे प्रमाण जास्त होते, जे पहिल्या प्रणालीशी जुळते. साबणाविना, केवळ यांत्रिक दाबाने, तोच निष्कर्ष मिळाला आणि त्याला पानातली जागा मिळाली : बोर्डमन-अँडरसन यांचा हलका भाग येतो कुठून, तर मुख्यतः स्ट्रोमा पटलांतून. पानातली दोन यंत्रे शेजारी-शेजारी नाहीत. त्यांच्यामध्ये अंतर आहे.

१९७१ मध्ये पार्क आणि साने यांनी ‘ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ प्लांट फिजिऑलॉजी’साठी हरितलवकातल्या पटलांची रचना आणि त्यांवरचे कार्यविभाजन यांवर मोठा आढावा लिहिला. पुढची बरीच वर्षे या विषयात शिरणारा विद्यार्थी तिथून सुरुवात करत असे. अंतर आहे म्हटल्यावर नवे प्रश्न आपोआप उभे राहिले. इलेक्ट्रॉन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो तर कोण नेतो, किती लांब नेतो? दोन्ही यंत्रांना मिळणारा उजेड सारखा नसेल तर पान तोल कसा साधते? सावलीतली झाडे गठ्ठे जास्त का करतात? शेवटच्या प्रश्नावर बोर्डमन आणि अँडरसन यांच्याबरोबर पुढे काम करणाऱ्यांत तेच गुडचाइल्ड होते. क्वीन्सलँडच्या वर्षावनात अगदी अंधाऱ्या तळाशी वाढणाऱ्या झाडांची हरितलवके या मंडळींनी पाहिली, तेव्हा तिथे ग्रॅनाचे अवाढव्य गठ्ठे सापडले. नवेगावच्या रानात भर उन्हातले मोहाचे पान आणि खाली सावलीतले एखादे नेचे आतून वेगळे असतात, ते याच कारणाने.

आणि इथे पाठ्यपुस्तकाबद्दल एक तक्रार नोंदवतो. १९८० मध्ये बर्टिल अँडरसन आणि जॅन अँडरसन यांनी आणखी बारीक पद्धत वापरून दाखवले, की ग्रॅनाच्या आतही सगळे सरमिसळ नसते. एकमेकांना चिकटलेल्या भागांत दुसरी प्रणाली, आणि बाहेरच्या कडांवर, टोकांवर व स्ट्रोमा पटलांवर पहिली, अशी वाटणी असते. म्हणजे १९७० चे विधान चुकले नव्हते, पण त्याच्या पुढचे पाऊल पडले. आपले अकरावीचे वाक्य मात्र १९७० च्या मुक्कामावरच थांबलेले आहे. त्याच वाक्याला जोडून एक विकर स्ट्रोमा पटलांवर नसतो असेही छापलेले असते. त्यावर आजचे जाणकार नकारार्थी मान हलवतील, कारण तो विकर प्रामुख्याने तिथेच आढळतो असे नंतरच्या कामाने दाखवले आहे. विधानाला कर्ता आणि साल जोडलेले असते, तर ते जुने झाल्याचे कुणाच्या तरी लक्षात आले असते. नाव गळून पडण्याची किंमत अशी मोजावी लागते.

मराठी मुलखात प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास साने यांच्यापासून सुरू होत नाही, हेही सांगायला हवे. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आर. एच. दस्तूर यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत पानातले पाणी आणि उजेडाचा प्रकार यांचा या क्रियेवर होणारा परिणाम तपासला होता. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खारफुटी आणि समुद्री शैवालांत मिठाच्या ताणाखाली कार्बनचे काय होते, यावर एक परंपराच उभी केली. दोन्हींवर स्वतंत्र लिहिले पाहिजे. इथे फक्त एवढे, की ट्रॉम्बेला जे घडले ते ओसाड जागेवर घडले नाही.

ट्रॉम्बे म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र; साने पुढे तिथे काम करू लागले. अणुशक्तीच्या जागी पानांचा अभ्यास कशाला, असे अनेकांना वाटते. उत्तर त्या केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या खिशाला लावलेल्या बिल्ल्यात आहे. किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यांनी किती मारा झेलला हे मोजणारा तो बिल्ला. त्यात कॅल्शियम सल्फेटची चकती असते. किरणोत्साराने चकतीतले काही इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून उठून स्फटिकातल्या खाचांत अडकून बसतात. नंतर चकती तापवली की ते सुटतात, परततात आणि परतताना प्रकाश देतात. जितका मारा जास्त तितका प्रकाश जास्त. याला उष्मादीप्ती म्हणतात. जुन्या मातीच्या भांड्यांचे वय काढायलाही हीच युक्ती वापरतात.

आता पान हे स्फटिक नाही, पण उजेड पडल्यावर त्यातही इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. मग पान थंड करून, उजेड देऊन, हळूहळू तापवले तर तेही प्रकाश देईल का? देते, हे १९५७ मध्ये विल्यम अरनॉल्ड आणि हेलन शेरवुड यांनी अमेरिकेतल्या ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत दाखवले होते. तीही अणुसंशोधनाचीच जागा. ट्रॉम्बेला व्ही. जी. ताटके आणि टी. एस. देसाई यांच्याकडे अशा मोजणीसाठी लागणारे, तापमान हवे तसे बदलणारे शीतपात्र बांधण्याचे कसब होते. साने यांच्याकडे पटलांचे ज्ञान. भौतिकी आणि वनस्पतिशास्त्र एका टेबलावर आले.

मोजणी दिसायला सोपी आहे. पान द्रवरूप नायट्रोजनने गोठवायचे. थंडीतच त्यावर उजेड टाकायचा, म्हणजे दुसऱ्या प्रणालीत ऋणभार एका बाजूला आणि धनभार दुसऱ्या बाजूला विलग होऊन तिथेच थिजतात. मग अंधारात पान सावकाश तापवत न्यायचे. ठरावीक तापमानांना क्षीण प्रकाशाचे उंचवटे येतात. प्रत्येक उंचवटा म्हणजे कुठल्यातरी जागी अडकलेल्या भारांची सुटका, आणि ती जितक्या जास्त तापमानाला होते तितकी ती जागा खोल. म्हणजे पान न फोडता, त्यातल्या साखळीच्या कोणत्या कडीवर इलेक्ट्रॉन किती घट्ट बसला आहे, हे बाहेरून वाचता येते. हरितलवक फोडून त्याचे भाग वेगळे करणाऱ्या माणसाला ही पद्धत आकर्षक वाटली असल्यास नवल नाही.

१९७० च्या दशकात या गटाने पालकाची पाने, युग्लीना नावाचे एकपेशीय जीव आणि पहिल्या-दुसऱ्या प्रणालीचे वेगवेगळे केलेले तुकडे तापवून कोणता उंचवटा कुठून येतो याची वर्गवारी केली. इलिनॉय विद्यापीठातले, मूळचे अलाहाबादचे गोविंदजी यांचीही त्यात साथ होती. १९८१ मध्ये या चौघांनी उंचवट्यांवरून त्या सापळ्यांची खोली आणि इलेक्ट्रॉन तिथे टिकण्याचा काळ काढला. दुसऱ्याच वर्षी रदरफोर्ड, क्रॉफ्ट्स आणि इनोउए यांनी मुख्य उंचवट्यांचा नेमका उगम पटवून दिला. पाणी फोडणारे मँगनीजचे केंद्र धनभार धरून बसते. ऋणभार बसतो क्विनोनच्या दोन जागांपैकी एकीवर. पहिल्या जागेवरून परतणाऱ्याचा उंचवटा कमी तापमानाला येतो, दुसऱ्या जागेवरच्याचा जास्त, साधारण खोलीच्या तापमानाच्या आसपास. उसातले तण मारायला वापरतात ते डाययूरॉन नेमकी ही दुसरी जागा अडवते. ते घातले की वरचा उंचवटा जातो आणि खालचा उभा राहतो. शेतकऱ्याला पिवळे पडणारे तण दिसते. यंत्राला तेच आलेखावर सरकलेल्या उंचवट्यासारखे दिसते. १९८६ मध्ये या विषयावरचे मोठे प्रकरण साने आणि रदरफोर्ड यांनी मिळून लिहिले, म्हणजे दोन्ही वाटा एका पुस्तकात आल्या.

मला हे काम पहिल्यापेक्षा देखणे वाटते असे वर म्हटले. कारण १९७० चा शोध बर्कलीच्या तयार यंत्रसामग्रीवर झाला, तर हा विषय मुंबईत, तिथेच बांधलेल्या उपकरणावर उभा राहिला. शिवाय त्यातले निष्कर्ष पाठ्यपुस्तकात गेलेले नाहीत. पद्धत गेली, ती जगभरच्या प्रयोगशाळांत. तो निराळा प्रभाव आहे आणि तो मोजायला उद्धरणांचे तक्ते अपुरे पडतात.

१९८४ ते १९९७ ही वर्षे लखनौची. सिकंदर बागेतल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचा कारभार सांभाळताना साने यांनी तिथे पानातल्या यंत्राच्या जनुकांकडे मोर्चा वळवला. पॉप्लर झाडाच्या हरितलवकातली जनुके हा त्यातला एक विषय. संचालकांच्या काळाबद्दल इमारती आणि विभाग मोजत बसण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती इथे सोडून देतो.

निवृत्तीनंतर ते जळगावला जैन इरिगेशनच्या संशोधन विभागात गेले, तिथल्या जैवतंत्रज्ञानाच्या कामासाठी. केळी-कांद्याच्या मुलखात राहून त्यांनी उष्मादीप्तीचा धागा सोडला नाही. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातले गुन्नार ओक्विस्ट आणि कॅनडातले नॉर्मन ह्यूनर, अलेक्झांडर इव्हानोव्ह यांच्याबरोबर त्यांचे काम सुरू राहिले. प्रश्न उत्तरेकडच्या झाडांचा होता. हिवाळ्यात पाइनची पाने हिरवीच असतात, ऊन पडते, पण थंडीमुळे साखर करणारी विकरे गारठलेली असतात. उजेड येतच राहतो आणि पुढे खर्च होत नाही. अशा वेळी दुसरी प्रणाली जळायला हवी. ती जळत नाही. का?

२००३ मध्ये ‘प्लांट फिजिऑलॉजी’त आलेल्या त्यांच्या निबंधात याचे एक उत्तर आहे. प्रयोगाची वनस्पती होती अरॅबिडोप्सिस, मोहरीच्या कुळातली छोटी तणवर्गीय वनस्पती. थंडीत वाढवलेल्या रोपांत पहिल्या क्विनोनचा उंचवटा वरच्या तापमानाकडे सरकलेला दिसला आणि दुसऱ्याचा खालच्या. धानाच्या दोन बांध्या वर-खाली असतात, वरचीतले पाणी खालचीत उतरते. वरची बांधी थोडी खाली केली आणि खालची थोडी भरून घेतली, तर पाणी उतरायचे मंदावते आणि वरच्या बांधीतच रेंगाळते. इथेही इलेक्ट्रॉन पहिल्या क्विनोनवर रेंगाळतो, तिथूनच मागे फिरतो आणि जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. नुकसान करणारी रसायने तयार होण्याआधीच प्रणालीच्या गाभ्यात तिचा निकाल लागतो. त्याच्या आधीच्या वर्षी निळ्या-हिरव्या जीवाणूंत याच गटाने दाखवले होते, की थंडीत त्या गाभ्यातले एक प्रथिन तात्पुरते बदलले जाते आणि त्यामुळे दुसऱ्या क्विनोनची पातळी सरकते. बर्कलीला पटले फोडून ज्या यंत्राचा पत्ता लागला, ट्रॉम्बेला ज्याच्या आत डोकावण्याची पद्धत तयार झाली, त्याच यंत्रातला हा एक बारीक स्क्रू.

जास्तीचा उजेड पान कसे टाकून देते, हा विषय गेल्या दशकात पिकांच्या उत्पादनाशी जोडला गेला आहे. इलिनॉयमधल्या स्टीफन लाँग यांच्या गटाने २०१६ मध्ये तंबाखूत आणि २०२२ मध्ये सोयाबीनमध्ये ही टाकून देण्याची क्रिया सावली पडताच लवकर थांबेल असे जनुकीय बदल केले. तंबाखूच्या वजनात सुमारे १५ टक्के वाढ दिसली, सोयाबीनच्या दाण्यात एका हंगामात सरासरी २४ टक्क्यांहून अधिक. पुढच्या हंगामात तो फायदा तसा टिकला नाही. त्यांचा भर उजेड गोळा करणाऱ्या बाहेरच्या प्रथिनांवर होता, साने आणि सहकाऱ्यांचा भर गाभ्यावर. दोन वेगळ्या जागा आहेत आणि वाचकाने त्या एक समजू नयेत.

शेवटी केशोरी परिसरातल्या शेतीबद्दल. खरिपाच्या धानाला ढगांमुळे उजेड कमी मिळतो. इटियाडोहच्या पाण्यावरच्या उन्हाळी धानाला तो भरपूर मिळतो, आणि उन्हाळी धान जास्त उतरण्याचे हे एक मोठे कारण आहे. पण उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले जातात डिसेंबरअखेर-जानेवारीत. विदर्भात थंडीचा नीचांक बऱ्याचदा गोंदियाचाच असतो. रात्री पारा सात-आठ अंशांवर उतरतो आणि सकाळी आभाळ निरभ्र, ऊन कडक. पऱ्हे पिवळे पडतात, वाढ खुंटते. शेतकरी संध्याकाळी नर्सरीत पाणी भरतात, सकाळी ते गार पाणी काढून टाकतात, काही जण वरून प्लास्टिक घालतात. थंडी आणि कडक ऊन एकत्र, हा नेमका पाइन आणि अरॅबिडोप्सिसचाच प्रसंग; फरक एवढाच, की भात हे उष्ण प्रदेशातले पीक आहे आणि थंडीशी जुळवून घेण्याची त्याची तयारी त्या वनस्पतींइतकी नाही. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी कुणी नागपूर किंवा गोंदियात वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असेल, तर त्याच्यासाठी इथे काम आहे. उष्मादीप्ती मोजायला आता ट्रॉम्बेसारखे शीतपात्र बांधावे लागत नाही. टेबलावर मावणारी तयार उपकरणे मिळतात. गारठ्यातल्या पऱ्ह्यांत क्विनोनचे दोन उंचवटे किती सरकतात, आणि आपल्या भागात लावल्या जाणाऱ्या कोणत्या वाणात जास्त सरकतात, हे पाहायला वर्षातून साधारण चार आठवडे मिळतात.